रिकाम्या रकान्याचा उजेड

मित्रांनो, ऑकलंडमधल्या ओटाहुहू वस्तीतल्या एका गॅरेजमध्ये, गवत कापायचं यंत्र आणि फाटका तंबू यांच्यामध्ये, जुन्या चादरीखाली जे धूड उभं दिसतं ना, तो मी. किती जुना, ते विचारू नका. तुमच्या वयाची मुलं मला मायक्रोवेव्ह समजतात आणि माझं दार शोधू लागतात. मला दार नाही. मला एक भिंग आहे, एक दिवा आहे, दोन्ही बाजूंना रीळ अडकवायचे खुंट आहेत, फिरवायला एक मूठ आहे आणि समोर मोठी पांढरी काच आहे. जुन्या कागदांचे बारीक फोटो काढून ते लांबलचक फितीवर साठवतात, तिला मायक्रोफिल्म म्हणतात. नुसत्या डोळ्यांना ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. माझ्या भिंगाखालून गेली की तीच अक्षरं मोठी होऊन काचेवर उभी राहतात. एवढंच माझं काम, पण मी ते मन लावून केलं.

मला मराठी कुठून येते, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. त्याचं श्रेय नीलिमाताईंना. त्या पुण्याच्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स. माझ्यासमोर बसल्या की त्या स्वतःशी मराठीत पुटपुटत. आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नसल्यामुळे मनात येईल ते सगळं मला ऐकायला मिळे. अशी वर्षानुवर्षं शिकवणी मिळाली तर पत्र्यालासुद्धा भाषा येते.

तर सुरुवातीपासून सांगतो. कारखान्यातून मी आधी एका वर्तमानपत्राच्या कचेरीत गेलो. तिथे जुने अंक दाखवता दाखवता माझी उमेदीची वर्षं गेली. पुढे कचेरीने नवीन यंत्रं घेतली आणि मला ओटाहुहूतल्या एका मंडळाला देऊन टाकलं. आपले पूर्वज कोण, कुठून आले, हे शोधणाऱ्या हौशी लोकांचं ते मंडळ. एका जुन्या सभागृहामागे त्यांची खोली होती. तिथे माझं कौतुक फार झालं. लोक माझी काच मऊ फडक्याने पुसत, नवा दिवा बसवला की टाळ्या वाजवत. त्या खोलीची व्यवस्था अरोहाबाई पाहत. त्या माओरी, म्हणजे या देशातल्या मूळच्या लोकांपैकी. आपले पूर्वज कोणत्या होडीतून या देशात आले, तिथपासूनची सगळी नावं त्यांना तोंडपाठ होती. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या बाकीच्यांची त्यांना जरा कीव यायची, पण तसं दाखवत नसत.

खरं सांगू का, मला त्या खोलीत भीतीही वाटायची. माझ्या काचेवर जी नावं यायची, ती सगळी मेलेल्या माणसांची. सिडनीच्या, मेलबर्नच्या जुन्या चर्चमधली बारशी, लग्नं आणि दफनं. कुणी मूठ भरभर फिरवली की शेकडो माणसं माझ्यासमोरून धावत जायची. मला वाटायचं, यातला प्रत्येकजण थांबायला बघतोय. दिवा बंद केल्यावर माझा पत्रा थंड होताना टिकटिक वाजतो. त्या वेळी खोलीत मी एकटा नाही, असं मला कितीतरी वेळा वाटलं आहे.

आणि रिकामे रकाने तर सगळ्यात वाईट. लिहिलेल्या ओळी काचेवर काळ्या दिसतात आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही, ती जागा उजळते. एखाद्या मुलाच्या बारशाच्या नोंदीत बापाचं नाव नसेल तर सबंध पानावर तोच चौकोन सगळ्यात जास्त चमकतो. बघणाऱ्याचे डोळे तिथेच जातात. मी तरी काय करणार, माझा दिवा ती जागा झाकू शकत नाही.

नीलिमाताई पहिल्यांदा आल्या त्या २०१३ सालच्या सप्टेंबरात. त्या वेळी त्यांचे भाऊ, पुरुषोत्तम, पुण्याहून त्यांच्याकडे राहायला आले होते. पितृपक्ष होता. पुरुषोत्तमांनी मागच्या अंगणात पाट मांडला, ताम्हण घेतलं, काळे तीळ घेतले आणि बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घेऊन पाणी सोडलं. नीलिमाताईंचे यजमान नेव्हिल पेंगेली पायरीवर बसून हे बघत होते. नेव्हिल इथलेच, रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, उंच आणि अबोल. दोघांनी उतारवयाकडे झुकताना लग्न केलं होतं. विधी संपल्यावर नेव्हिलनी विचारलं की मलाही हे करता येईल का. पुरुषोत्तम म्हणाले, न यायला काय झालं, तुमची तीन नावं सांगा. नेव्हिलनी दोन सांगितली. वडील आल्फ्रेड. आजोबा जेकब. तिसऱ्याशी येऊन ते अडले.

पुरुषोत्तम समजुतीने म्हणाले की काही हरकत नाही, आमच्याकडे ज्ञात-अज्ञात सगळ्या पितरांसाठीही पाणी सोडतात. नेव्हिलना ते पसंत पडलं नाही.

"अज्ञात म्हटलं की तो सुटला," ते म्हणाले. "मला त्याचं नाव हवंय. शिव्या कुणाला द्यायच्या, ते तरी कळू दे."

या रागाचं कारण नीलिमाताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आजोबा जेकब सिडनीत जन्मले आणि तरुणपणी बोटीने ऑकलंडला आले. आई लहानपणीच गेली होती आणि बाप जन्माआधीच पळून गेला, असं त्यांना अनाथाश्रमात सांगण्यात आलं होतं. त्या म्हाताऱ्याची खुर्ची आयुष्यभर दाराकडे तोंड करून असायची. दारावर थाप पडली की घरातल्या सगळ्यांच्या आधी तो उठायचा. ऐंशी वर्षांचा झाला तरी उठायचा. नेव्हिलनी लहानपणी हे पाहिलं होतं. ते नीलिमाताईंना सांगत की अजूनही दार वाजलं की मला आधी आजोबांची खुर्ची सरकल्याचा आवाज येतो.

पण खरी ठुसठुस वेगळीच होती. नेव्हिलना पहिल्या लग्नाचा एक मुलगा होता, क्रेग. तो टौरंगाला असायचा, इथून गाडीने तीनेक तासांवर. क्रेग शाळेत जायला लागला, त्याच सुमाराला नेव्हिल घर सोडून निघून गेले होते आणि परत गेले नव्हते. नीलिमाताईंनी तो विषय काढला की त्यांचं एकच उत्तर ठरलेलं असे. आमच्या घरातल्या पुरुषांना थांबणं जमत नाही, पहिला पळाला, त्याचंच रक्त आमच्यात आहे. एवढं बोलून ते बागेत निघून जायचे.

"आता बघ," नीलिमाताई मला म्हणाल्या, "त्या पळपुट्याचं नाव एकदा मिळू दे. म्हणजे हा माणूस तरी शांत होईल."

अरोहाबाईंनी सिडनीहून रीळ मागवलं. बंदराजवळच्या एका चर्चचं होतं. आधी बारशी, मग दफनं, आणि शेवटी लग्नाचे पुकारे, सगळं एकाच रिळावर. नीलिमाताई ड्यूटी संपवून येत आणि गणवेशावर स्वेटर चढवून माझ्यासमोर बसत. "अरे, नीट फोकस हो ना जरा," असं मला दटावत. जुनं वळणदार इंग्रजी अक्षर, त्यात कागदावर पाण्याचे डाग. माझा नाइलाज होता, पण बोलणी मी खात होतो.

आणि एक दिवस जेकब सापडले. जेकब रेनिक पेंगेली. आई एलेन पेंगेली, अविवाहित. बापाचं नाव, बापाचा धंदा, दोन्ही रकाने कोरे. तो उजेड नीलिमाताईंच्या चष्म्यावर पडला आणि त्या काचेजवळ वाकल्या. मला वाटलं, माझ्या मागूनही कुणीतरी वाकून बघतंय. मग एकदम त्या ताठ बसल्या.

"अगं बाई, मधे लिहिलंय की!"

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलंच असेल काय झालं ते. आपल्याकडे नाव कसं असतं? आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव. नीलिमाताईंनी हिशेब केला. जेकब, रेनिक, पेंगेली. म्हणजे बाप रेनिक, मामला खलास. स्वतःच्या नवऱ्याचं मधलं नाव स्टॅनली आणि सासऱ्यांचं नाव आल्फ्रेड, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण जन्माची सवय अशी एका लग्नाने जात नाही. त्या आनंदात त्यांनी दफनांचा भाग लावला आणि पुढे 'रेनिक' शोधत सुटल्या. चहाचासुद्धा त्यांना विसर पडला.

अरोहाबाईंनी येऊन हे ऐकलं आणि त्या हसू लागल्या. मग त्यांनी हळूच समजावलं की इकडे मधलं नाव बापाचं नसतं, ते कुणाचंही असू शकतं, मावशीचं, राजाचं किंवा कुणाचंच नाही. नीलिमाताईंचा चेहरा उतरला. इतक्या मोठ्या हुद्द्याची नर्स, आणि अशी चूक. त्यांनी मूठ उलटी फिरवायला घेतली.

"थांब," अरोहाबाई म्हणाल्या. "ते काय आहे?"

माझ्या काचेवर दफनाची एक ओळ होती. विल्यम रेनिक, वय तेवीस, खलाशी, बंदरात बुडून. जेकबच्या जन्माआधी थोडेच दिवस.

अरोहाबाईंचं हसू मावळलं. रेनिक हे कुणाचं पहिलं नाव नव्हतं, ते आडनाव होतं. त्या सावकाश म्हणाल्या की लग्न न झालेल्या आया कधी कधी असं करत. बापाच्या रकान्यात नाव लिहायला पाद्री तयार नसे, मग त्या ते मुलाच्या नावातच शिवून टाकत. अर्थात हा पुरावा नव्हे, असंही त्यांनी बजावलं. एका गावात दोन रेनिक असू शकतात. मग दोघींनी रिळाचा शेवटचा भाग लावला, पुकाऱ्यांचा.

हे पुकारे म्हणजे काय, ते सांगतो. लग्न ठरलं की चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवारी ते सगळ्यांसमोर जाहीर करायचे. कुणाची हरकत असेल तर त्याने उभं राहून सांगायचं. तीन पुकारे झाले की लग्न. वहीत दोघांची नावं, आणि पुढे तीन रविवारांसाठी तीन जागा.

त्या दिवशी जे दिसलं, ते नीलिमाताईंनी घरी जाऊन सांगितलं नाही. त्यांनी नेव्हिलना माझ्यापुढे आणून बसवलं. शनिवारची दुपार होती. नेव्हिलनी डोक्यावरची टोपी मांडीवर ठेवली. विल्यम रेनिक आणि एलेन पेंगेली, दोघेही याच वस्तीतले. पहिल्या रविवारची तारीख होती, दुसऱ्या रविवारची तारीख होती. तिसरी जागा कोरी होती. दफनाची तारीख दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मधली होती.

मी माझा सगळा जीव त्या दिव्यात ओतला. तिसरा रविवार पांढराफटक उजळला आणि नेव्हिलच्या चेहऱ्यावर पडला. इतकी वर्षं मी रिकामे रकाने दाखवले, पण या जागेइतकं भरलेलं मी दुसरं काही पाहिलं नाही. त्या क्षणी माझी खात्री होती की आमच्यामागे एक म्हातारा उभा आहे आणि त्यालाही हे वाचायचंय. ऐंशी वर्षं तो ज्याच्यासाठी खुर्चीतून उठत होता, तो येणारच होता.

"म्हणजे तो पळाला नव्हता," नेव्हिल म्हणाले.

नीलिमाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, आता या माणसाला बरं वाटेल. नेव्हिल काचेकडे बघतच होते. मग ते अगदी हलक्या आवाजात बोलले.

"नीलू, मग पळणारा या घरात मी एकटाच."

मित्रांनो, मी यंत्र आहे याचा तेव्हा मला आनंद झाला. मला काही उत्तर द्यावं लागलं नाही. अरोहाबाईंनी पुढे होऊन माझा दिवा बंद केला.

पुढचं मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. नेव्हिल टौरंगाला गेले. नीलिमाताईंनी गाडी चालवली. किवीफळांचा हंगाम होता, क्रेगचा ट्रक फाटकाशी लागलेला होता. त्याने बापाला आत बोलावलं नाही. नेव्हिलनी फाटकातच त्याला विल्यम रेनिकची गोष्ट सांगितली आणि म्हणाले की आता माझ्याकडे सबब उरलेली नाही, एवढंच सांगायला आलो होतो. क्रेग "राइटो", म्हणजे ठीक आहे, एवढंच म्हणाला आणि ट्रकमध्ये चढला. नीलिमाताई मला सांगताना रडल्या.

पण पुढच्या पितृपक्षात नेव्हिल पाटावर बसले. आल्फ्रेड, जेकब, विल्यम. पुरुषोत्तमांनी पुण्याहून टॅब्लेटवर सांगितलं तसं त्यांनी केलं. शिवी एकही दिली नाही. नाताळात क्रेगचा फोन आला, तो म्हणे एका मिनिटात संपला. पुढच्या नाताळात थोडा लांबला. मग २०१७ च्या हिवाळ्यात नेव्हिल हॉस्पिटलात होते, तेव्हा क्रेग आला आणि पलंगाशेजारी बसून राहिला. नेव्हिल तो बसलेला असतानाच गेले.

दुसऱ्या वर्षी आमची खोलीही बंद झाली. रिळांवरचं बरंचसं आता घरबसल्या कंप्युटरवर दिसतं, मग मला कोण विचारणार? एका सकाळी मला कचऱ्याच्या गाडीसाठी दारात काढून ठेवलं. माझा दिवा आधीच गेला होता आणि तसला दिवा आता कुठे मिळत नाही. पाऊस भुरभुरत होता. ज्या काचेला मऊ फडकं लागायचं, तिच्यावर चिखल उडाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नीलिमाताई अरोहाबाईंना भेटायला आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि डोक्याला हात लावला. कुणाच्या तरी व्हॅनमध्ये घालून त्यांनी मला इथे आणलं. गॅरेजमध्ये ठेवून चादर घातली. अधूनमधून येऊन त्या दोन वाक्यं बोलून जातात.

त्याच सप्टेंबरात क्रेग टौरंगाहून आला. पितृपक्ष होता. ते पाण्याचं काय ते कसं करतात, असं त्याने फोनवर विचारलं होतं. गॅरेजचं शटर वर होतं, चादर वाऱ्याने घसरली होती, त्यामुळे मला अंगण दिसत होतं. क्रेग जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, काढून पाटावर बसला. त्याच्याएवढ्या माणसाला तो पाट अपुरा पडत होता. टॅब्लेट कुंडीला टेकवून ठेवला होता आणि त्यातून पुरुषोत्तम अंगठ्यावरून पाणी कसं सोडायचं ते दाखवत होते. नीलिमाताई इंग्रजीत सांगत होत्या.

पहिलं नाव वडिलांचं. क्रेगचा हात वर झाला आणि तसाच राहिला. मग त्याने घसा खाकरला आणि नेव्हिल म्हटलं. पाणी ताम्हणात पडलं. मग आल्फ्रेड. मग जेकब. पुरुषोत्तम म्हणाले, झालं, आता नमस्कार करा.

क्रेगने मान वर केली. "आणि रेनिक?"

नीलिमाताई दचकल्या. ही गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली नव्हती. नावं तीनच घ्यायची असतात. नेव्हिल त्यात आले, म्हणजे सगळ्यात मागचा आपोआप बाहेर पडला. त्यांनी चाचरत क्रेगला रीत समजावली. दीडशे वर्षं ज्याचा पत्ता नव्हता, तो सापडून नीट चार पितृपक्षही झाले नव्हते.

क्रेगने सगळं ऐकून घेतलं. मग पळीत पुन्हा पाणी घेतलं.

"तो आत्ताच तर आलाय," तो म्हणाला. "त्याला लगेच बाहेर कसं काढायचं?"

टॅब्लेटमधून पुरुषोत्तमांनी मान डोलावली आणि म्हणाले की घेऊ दे त्याला. क्रेगने चौथं नाव घेतलं, विल्यम रेनिक, मोठ्याने, पुकारा करावा तसं. पलीकडच्या घरातल्या बाई कुंपणावरून बघायला लागल्या. हरकत मात्र कुणी घेतली नाही.

मित्रांनो, माझं आता काय, कधी चादर झटकलीत तरी पुरे. पण घरी गेलात की आपल्या माणसांना त्यांच्या माणसांची नावं विचारा, आणि जिथे ती अडतील तिथे हसू नका, थांबा. मी हजारो माणसं माझ्या काचेवर पाहिली आहेत आणि त्यातल्या एकालाही मला हाक मारता आली नाही. तुम्ही रुसलात, अबोला धरलात, निघून गेलात, तरी तुमची काही माणसं अजून फोन उचलतात. त्यांना रिळावर शोधायची वेळ आणू नका.